मागाचा वेग आणि मागाची वेळ : फेरे मोजा, अंशही मोजा

‘तुमचा माग किती चालतो?’ हा प्रश्न यंत्रमागाच्या धंद्यात सुताचा भाव विचारण्याइतकाच नेहमीचा आहे. उत्तरही ठरलेले असते. कोणी १६० सांगतो, कोणी १५०, कोणी छाती फुगवून १८० म्हणतो. हा आकडा कोठून आला, असे विचारले तर बहुतेक वेळा कळते की माग बसविला त्या दिवशी पुलीचा हिशोब करून कोणीतरी सांगितला होता आणि तेव्हापासून तोच चालत आला आहे. दरम्यान पट्टा सैल झाला, मोटर दोनदा जळून बांधली गेली, पुली घासली. आकडा मात्र तसाच आहे.

त्या आकड्यावर आपण सूत देतो, मजुरी ठरवितो आणि पेढीला माल कोणत्या तारखेला मिळेल हे सांगतो. म्हणून आज या पानावर फिरणाऱ्या यंत्राचा वेग कसा मोजावा आणि त्याच्याच जोडीला ‘फेज’ म्हणजे काय, याची माहिती देत आहे. मी इंजिनिअर नाही, कापडाचा व्यापारी आहे. परंतु ज्या मापावर आपला पैसा अडकलेला असतो, ते माप व्यापाऱ्यालाही कळले पाहिजे.

प्रथम पुलीचा हिशोब पाहू. ५० सायकलच्या विजेवर सहा पोलची मोटर एका मिनिटाला जास्तीत जास्त १००० फेरे घेऊ शकते. भार पडल्यावर ती थोडी मागे राहते, त्या मागे राहण्याला स्लिप म्हणतात. म्हणून मोटरच्या पाटीवर ९६० लिहिलेले असते. मोटरची पुली ७५ मिलिमीटर आणि मागाची ४५० मिलिमीटर असेल तर ९६० गुणिले ७५ भागिले ४५०, म्हणजे १६० फेरे. मागाच्या क्रँक शाफ्टचा एक फेरा म्हणजे एक पिक, म्हणून मिनिटाला १६० पिक झाले. हिशोब बरोबर आहे, पण तो कागदावरचा आहे. पट्टा दोन-तीन टक्के घसरला आणि संध्याकाळी व्होल्टेज पडून मोटरची स्लिप वाढली की १६० चे १५२ व्हायला वेळ लागत नाही.

आठ फेऱ्यांनी काय होते, असे कोणी म्हणेल. ४८ पिकाचे कापड घ्या. बारा तासांची पाळी आणि ८० टक्के चाल धरली तर १६० च्या वेगाने एका मागावर सुमारे ४८.८ मीटर कापड निघते. १५२ च्या वेगाने ४६.३ मीटर. एका मागामागे एका पाळीत अडीच मीटरला थोडे कमी. चोवीस माग आणि दोन पाळ्या असतील तर रोजचे सुमारे ११७ मीटर. महिनाभराने सेठ कारागिराला म्हणतो, ‘तू माग बंद ठेवतोस.’ कारागीर म्हणतो, ‘सेठ, मी जागचा हललो नाही.’ दोघेही खरे बोलत असतात आणि वाद मिटत नाही, कारण तिसऱ्याची, म्हणजे शाफ्टची साक्ष कोणी घेतलेली नसते.

ती साक्ष घेण्याची सर्वांत स्वस्त रीत घड्याळाची आहे. मिनिटाला १६० फेरे डोळ्यांनी मोजणे कठीण जाते. परंतु साध्या मागात खालचा शाफ्ट, ज्याला बॉटम शाफ्ट म्हणतात, तो क्रँक शाफ्टच्या बरोबर निम्म्या वेगाने फिरतो. माग बंद करून त्याच्या टोकावर खडूची खूण करावी, माग सुरू करून एक मिनिट खुणेचे फेरे मोजावे आणि दुप्पट करावी. ७६ भरले तर माग १५२ वर आहे. हे मोजमाप सकाळी एकदा, संध्याकाळी दिवे लागल्यावर एकदा आणि रात्री उशिरा एकदा करावे. तीन आकडे वेगळे आले तर दोष मागात शोधण्याआधी वीज आणि पट्टा पाहावा.

बाजारात जी टॅकोमीटर मिळतात ती मुख्यतः दोन प्रकारची. एकात रबराचे टोक शाफ्टच्या मध्यावर टेकवायचे असते. टोक सरळ रेषेत धरले नाही किंवा दाब कमी पडला तर ते घसरते आणि आकडा कमी दाखविते. दुसऱ्यात शाफ्टवर चमकणाऱ्या पट्टीचा लहान तुकडा चिकटवून त्यावर प्रकाश टाकतात. हे सोपे व सुरक्षित आहे, पण एक गोष्ट सांभाळावी लागते. शाफ्टवर दुसरी एखादी चकचकीत जागा, नवा रंग किंवा उघडा बोल्ट असेल तर यंत्र तोही मोजते आणि १६० चे ३२० दाखविते. म्हणून पट्टीच्या आजूबाजूला काळा रंग लावावा. मोठ्या कारखान्यांत साठ दात्यांचे चक्र आणि त्याच्यासमोर सेन्सर बसवितात. साठच दाते का, तर सेकंदाला जितके ठोके तितकेच मिनिटाचे फेरे येतात, गुणाकार करावा लागत नाही.

आता स्ट्रोबोस्कोपकडे वळू. हे यंत्र म्हणजे ठरावीक अंतराने लखलखणारा दिवा. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला बरोबर एकदा प्रकाश पडला तर चाक डोळ्यांना थांबलेले दिसते. ही कल्पना १८३२ मध्ये बेल्जियमचा प्लाटो आणि ऑस्ट्रियाचा श्टाम्फर या दोघांनी स्वतंत्रपणे मांडली. पुढे अमेरिकेत एमआयटीच्या हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३१ च्या सुमारास मोटरी तपासण्यासाठी विजेचा स्ट्रोबोस्कोप तयार केला. सूतगिरण्यांना त्याचा विशेष फायदा झाला, कारण मिनिटाला अठरा हजार फेरे घेणाऱ्या चात्याला हात लावून मोजणे शक्य नसते, आणि टोक टेकविले तर त्या ओझ्यानेच चाते मंदावते.

परंतु स्ट्रोबोस्कोप खोटेही बोलतो. चाते १८००० ने फिरत असताना दिवा ९००० वर ठेवला तरी ते थांबलेलेच दिसते, कारण दर दोन फेऱ्यांनी एकदा प्रकाश पडतो. ६००० वरही तसेच. म्हणून दिवा नेहमी वरून खाली आणावा. ज्या सर्वांत मोठ्या आकड्यावर एकच स्थिर खूण दिसते तो खरा वेग. त्याच्या दुप्पट आकड्यावर एकाच्या दोन खुणा दिसतात, ती ओळख आहे. दिवा इतका वर जात नसेल तर लागोपाठचे दोन स्थिर आकडे घ्यावे, त्यांचा गुणाकार करावा आणि त्यांच्या फरकाने भागावा. ९००० गुणिले ६००० भागिले ३००० म्हणजे १८०००.

सूत विकत घेणाऱ्याचा याच्याशी संबंध आहे. पिळाचा हिशोब चात्याच्या वेगाला दर मिनिटाला बाहेर पडणाऱ्या सुताच्या इंचांनी भागून होतो. १८००० फेरे आणि ७२० इंच असतील तर इंचाला २५ पीळ. एखाद्या चात्याची टेप सैल होऊन ते ५ टक्के मागे पडले तर २३.७५ उरतात. त्या बॉबिनचे सूत नरम पडते आणि आपल्या मागावर तुटते. स्ट्रोबोस्कोप योग्य वेगावर लावून फ्रेमच्या बाजूने चालत गेले की सर्व चाती स्थिर दिसतात आणि मंद चाते तेवढे उलट्या दिशेने सरकताना दिसते. मिरगीचा त्रास असलेल्या माणसाने मात्र अशा लखलखत्या दिव्याजवळ उभे राहू नये.

असा एक दिवा अनेक जुन्या कारखान्यांत फुकट टांगलेला आहे. चोकवर चालणारी ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होते, आपल्याला ते जाणवत नाही. सहा पोलच्या मोटरच्या पुलीवर सारख्या अंतरावर खडूच्या सहा खुणा करा. मोटर पूर्ण १००० ने फिरली असती तर त्या स्थिर दिसल्या असत्या. ती ९६० ने फिरते, म्हणून खुणांचे वर्तुळ उलट्या दिशेने मिनिटाला ४० फेरे घेताना दिसते. ते ४० म्हणजेच मोटरची स्लिप. साठ-सत्तर मोजले गेले तर मोटरवर भार जास्त आहे किंवा व्होल्टेज कमी आहे. एलईडी दिव्यांत किंवा इलेक्ट्रॉनिक चोकवर हा खेळ जमेलच असे नाही. आणि याच खेळात मोठा धोका आहे. अशा उजेडात वेगाने फिरणारे चाक थांबलेले वाटते आणि माणूस त्यात हात घालतो. म्हणून जाणते वायरमन शेजारच्या ट्यूब विजेच्या वेगवेगळ्या फेजवर जोडत, म्हणजे सर्व दिवे एकाच क्षणी मंद होत नाहीत.

येथे ‘फेज’ शब्द आलाच आहे. फेज म्हटले की आपल्याकडे लोकांना महावितरण आठवते. शाफ्टच्या बाबतीत त्याचा अर्थ साधा आहे : फेऱ्यातील जागा. शाफ्ट किती फिरतो हा वेग, आणि अमुक गोष्ट घडली तेव्हा तो फेऱ्याच्या कोणत्या अंशावर होता ही फेज. आमच्या उर्दू शाळेत कोनाला ‘जाविया’ आणि अंशाला ‘दर्जा’ म्हणत. दोन घड्याळे सारख्याच गतीने चालत असतील तरी एक दहा मिनिटे मागे असू शकते. गतीत खोट नाही, वेळेत आहे.

माग हे तर वेळेचेच यंत्र आहे. क्रँक अगदी पुढे येऊन फणी कापडाला ठोकते त्या जागेला शून्य अंश धरतात. तेथून पूर्ण फेरा ३६० अंशांचा. साध्या धोट्याच्या मागावर साधारणपणे ८० अंशांच्या आसपास धोट्याला मार बसून तो हलू लागतो, ११० च्या सुमारास ताण्याच्या उघड्या तोंडात, ज्याला आपले कारागीर दम म्हणतात, त्यात शिरतो, आणि २४० ते २५० पर्यंत पलीकडे निघतो. २७० च्या पुढे केव्हातरी ताण्याचे दोन्ही थर एका पातळीवर येतात. दाट सुती कापडाला हे लवकर, म्हणजे २७० च्या जवळ ठेवतात, त्याने कापड भरलेले दिसते. फिलामेंटच्या नाजूक धाग्याला उशिरा, शून्याच्या जवळ ठेवतात. हे आकडे बनावटीप्रमाणे व पन्ह्याप्रमाणे बदलतात, म्हणून कोणी ते डोळे झाकून आपल्या मागावर लावू नयेत.

१६० च्या मागावर एक फेरा ३७५ मिलिसेकंदांत होतो, म्हणजे एक अंश जवळजवळ सेकंदाच्या हजाराव्या भागाचा. धोट्याला दमातून जायला १३० अंश मिळाले तर त्याच्याकडे सुमारे १३५ मिलिसेकंद आहेत. १.२ मीटर पन्हा आणि धोट्याची लांबी मिळून दीड मीटर अंतर धरले तर तो सेकंदाला ११ मीटर, म्हणजे तासाला ४० किलोमीटरच्या वेगाने जातो. जॉबर हाताने माग फिरवून टायमिंग लावतो ते आवश्यकच आहे, पण हाताने फिरविताना पट्टे ताणले जात नाहीत, लाकूड वाकत नाही, बेअरिंगमधली खेळ दिसत नाही. चालत्या मागावर धोटा हाताने लावलेल्या जागेपेक्षा मागे राहतो. मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये १९४० च्या दशकात धोट्याच्या मारावर जे संशोधन झाले, त्यात हाच फरक नीट मोजला गेला. शिवाय पूर्ण फेऱ्यात मागाचा वेग एकसारखा नसतो. धोट्याला मारताना तो दबतो आणि नंतर सावरतो. १६० ही सरासरी असते.

मग चालत्या मागाचे अंश मोजायचे कसे? पूर्वी यासाठी शाफ्टवर सेन्सर लावून त्याच्या ठोक्यावर स्ट्रोबोस्कोप चालवीत आणि प्रकाश थोडा थोडा उशिरा पाडीत फेऱ्याचा प्रत्येक टप्पा पाहत. आजही ती उत्तम रीत आहे. पण आता बऱ्याच जणांच्या खिशात सेकंदाला २४० चित्रे घेणारा मोबाइल असतो. १६० चा माग सेकंदाला ९६० अंश फिरतो, म्हणजे एका चित्रामागे बरोबर चार अंश. कागदावर वर्तुळ काढून दहा-दहा अंशांच्या रेघा ठळक आखाव्या. मागाचा मेन स्विच बंद करून ते क्रँक शाफ्टच्या टोकाच्या चाकावर चिकटवावे, फणी कापडाला लागेल तेथे शून्य आणावे आणि चौकटीवर तारेचा स्थिर काटा बांधावा. भरपूर उजेडात, शक्यतो दिवसा, लांब उभे राहून व्हिडिओ घ्यावा. धोट्याची पेटी आणि तबकडी दोन्ही एकाच चित्रात आली पाहिजेत. नंतर एकेक चित्र सरकवीत पाहावे. एका फेऱ्याची ९० चित्रे भरली तर वेग १६० आहे, हेही त्यातच कळते. चित्र घेताना सैल बाही, रुमाल, ओढणी मागापासून दूर ठेवावी, हे सांगायला नको, तरी सांगतो.

यात एक बारकावा आहे. क्रँकचे दोन फेरे झाले की धोटा एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून गेलेला असतो. क्रँकच्या खुणेवर दिवा लावला तर डावी आणि उजवी फेक एकमेकींवर चढून दिसतात. एकच बाजू पाहायची असेल तर खूण बॉटम शाफ्टची घ्यावी, कारण त्याच्या एका फेऱ्यात प्रत्येक बाजूची एकच फेक असते. मोबाइलवर दोन्ही फेऱ्यांची १८० चित्रे सलग पाहावी.

भिवंडीजवळच्या एका कारखान्यात याचा उपयोग डोळ्यांनी पाहिला. माझे सूत तेथे मजुरीवर होते. एका मागावर धोटा वारंवार दमात अडकून एका काठाजवळचा ताणा तुटत होता. वेग मोजला, १६० भरला. जॉबरने आठवडाभर पिकर बदलले, चामडी पट्टे बदलले, पेटीचा दाब वाढविला, मार जोरात केला. धोटा पलीकडे आणखी जोराने आपटू लागला, अडकणे चालूच राहिले. शेवटी सेठच्या मुलाने वर सांगितल्याप्रमाणे व्हिडिओ घेतला. डाव्या बाजूने धोटा विसाव्या चित्रात हलत होता, म्हणजे ८० अंशांवर. उजव्या बाजूने आपल्या फेऱ्याच्या चोविसाव्या चित्रात, म्हणजे ९६ वर. फरक १६ अंशांचा, सेकंदाचा साठावा भाग. एवढ्या वेळात धोटा सुमारे १८ सेंटिमीटर जातो. दम मिटू लागे तेव्हा उजवीकडून आलेल्या धोट्याची शेपटी तेवढी आतच असे. बॉटम शाफ्टवरील त्या बाजूच्या पिकिंग कॅमचा बोल्ट सैल होऊन कॅम मागे सरकला होता. तो जागेवर आणून कसल्यावर वाढविलेला मार पुन्हा कमी करता आला. चार दिवसांनी मी गेलो तेव्हा कारागीर त्या मागावर निवांत कांडी बदलत होता. आठवडाभराच्या तुटीचा हिशोब कोणी भरून दिला नाही, पण तो वेगळा विषय आहे.

धोट्याचा मार उगाच जोरात ठेवू नये याला कारण आहे. वेग ५ टक्के वाढला की धोट्याच्या अंगातील जोर १० टक्क्यांहून अधिक वाढतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. संध्याकाळच्या कमी व्होल्टेजवर लावलेला मार रात्री पूर्ण व्होल्टेजवर पिकर फोडतो. पूर्वी हे दुखणे अधिक होते. १९९० च्या दशकात ग्रीडची फ्रिक्वेन्सीच ४९ च्या खाली उतरत असे आणि तिच्याबरोबर सर्व मोटरी मंदावत. आता ती ५० च्या जवळ राहते, परंतु लांब पडलेल्या लाइनीवर व्होल्टेजचा प्रश्न आहेच.

फेजचा दुसरा उपयोग पंख्यांच्या आणि मोठ्या चाकांच्या थरथरण्यात होतो. थरथर किती हे एक माप, आणि ती शाफ्टच्या कोणत्या अंशावर सर्वांत जास्त हे दुसरे. दुसरे माप नसेल तर वजन कोठे लावायचे कळत नाही. वीजनिर्मितीच्या टर्बाइनमध्ये यासाठी शाफ्टच्या खाचेसमोर सेन्सर असतो, तो फेऱ्याला एक ठोका देतो आणि बाकी सर्व मापे त्या ठोक्यापासून मोजतात. जुने फिटर फिरत्या शाफ्टला खडू टेकवून उठलेली बाजू शोधीत. पण शाफ्ट आपल्या थरथरीच्या मुख्य वेगाच्या खाली असेल तरच उठलेली बाजू ही जड बाजू असते. तो वेग ओलांडून बराच वर गेला की जड बाजू नेमकी समोर जाते. हे ज्याला ठाऊक नाही तो फिटर वजन उलट बाजूला लावतो आणि पंखा आणखी थरथरतो. अशा कामाला शिकलेला माणूसच बोलवावा. घाटकोपरची बीट्रा ही संस्था १९५४ पासून कापड उद्योगासाठी संशोधन व तपासणीचे काम करीत आली आहे, तिच्यासारख्या ठिकाणी विचारणा करण्यात संकोच नसावा.

आता जे बांधव धोट्याचे माग काढून जुने रेपियर किंवा एअरजेट घेण्याच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी. या मागांवर शाफ्टला एन्कोडर जोडलेला असतो आणि पडद्यावर फेऱ्याचा अंश सतत दिसतो. एअरजेटवर हवेची प्रत्येक झडप केव्हा उघडायची व केव्हा मिटायची हे अंशांतच भरावे लागते. ६०० च्या वेगावर एक अंश म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या चौथाईपेक्षा थोडा अधिक, तेथे अंदाज चालत नाही. जुना माग दाखविताना विकणारा पडद्यावरील वेग दाखवितो. तो पाहावा, पण नंतर माग बंद करून, हवा आणि वीज तोडून, तो हाताने फिरवावयास सांगावे आणि फणी कापडाला लागेल तेथे थांबवावे. मग फक्त पडदा चालू करून अंश वाचावा आणि त्या बनावटीच्या पुस्तकात ठोक्याचा जो अंश दिला असेल त्याच्याशी ताडून पाहावा. फरक निघाला तर एन्कोडर काढून पुन्हा बसविलेला आहे किंवा त्याची जोडणी सरकली आहे, असे समजून सौद्याच्या आधी तो नीट करून घ्यावा.